उच्चदाब ऑक्सिजन आणि मेंदूचा आलेख : तो रंगीत कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

उच्चदाब ऑक्सिजन उपचार, म्हणजेच हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी, हे नाव काही वर्षांपूर्वी पाणबुडे आणि नौदलाचे डॉक्टर सोडले तर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आता सेरेब्रल पाल्सी असलेल्या, स्वमग्न असलेल्या किंवा बोलायला उशीर झालेल्या मुलांचे पालक या उपचाराबद्दल विचारतात. पक्षाघात झालेल्यांचे आणि अपघातात डोक्याला मार लागलेल्यांचे नातेवाईकही विचारतात. जाहिरातीत चाळीस सत्रांचे पॅकेज असते. त्यासोबत बहुतेक वेळा पुरावा म्हणून मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, दाखवला जातो. एका बाजूला उपचारापूर्वीचे डोके लाल-पिवळे, दुसऱ्या बाजूला उपचारानंतरचे डोके हिरवे. ‘मेंदूची विद्युत क्रिया सुधारली’ असे त्याखाली लिहिलेले असते.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. उच्चदाब ऑक्सिजन हा खरा उपचार आहे आणि योग्य आजारात तो पाय वाचवतो, प्राणही वाचवतो. ईईजी हीसुद्धा उत्तम तपासणी आहे. पण ‘आधीचा आणि नंतरचा ईईजी’ हा मूल सुधारल्याचा पुरावा म्हणून पालकांपुढे ठेवणे चुकीचे आहे आणि ते थांबले पाहिजे. याची कारणे समजून घ्यायला थोडे शरीरशास्त्र लागेल. ते सोप्या भाषेत पाहू.

चेंबरमध्ये नक्की काय होते?

आपण समुद्रसपाटीला जो हवेचा दाब सोसतो त्याला एक वातावरण म्हणतात. त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. एवढ्यावरही निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेले असते. म्हणजे गाडी आधीच भरलेली आहे, तिच्यात आणखी प्रवासी बसू शकत नाहीत.

चेंबरमध्ये दाब दीड ते तीन वातावरणांपर्यंत वाढवतात आणि रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देतात. हिमोग्लोबिनमध्ये जागा नसली तरी वाढलेल्या दाबामुळे ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळू लागतो. सोड्याच्या बाटलीत दाबाने वायू विरघळतो तसेच हे आहे. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हा आकडा सुमारे ६ मिलिलिटर होतो. विश्रांतीच्या स्थितीत शरीराची गरज भागायला तेवढा पुरतो. हॉलंडमधील शल्यचिकित्सक इटे बोरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांच्या रक्तातील लाल पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि चेंबरमधल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर ती काही काळ जिवंत राहतात हे दाखवले होते.

म्हणजे मुद्दा पक्का आहे की चेंबरमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर वाढतो. यावर पालकांच्या मनात साहजिक विचार येतो, ‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यामुळे मुलाचे नुकसान झाले, मग आता भरपूर ऑक्सिजन दिला तर ते भरून निघेल.’ हा विचार समजण्यासारखा आहे, पण त्यात एक गाठ आहे. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला तेव्हा काही पेशी मेल्या. आज त्या मुलाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडत नाही. शेत दुष्काळात करपले, त्याला चार वर्षांनी जास्तीचे पाणी दिले म्हणून करपलेले पीक उभे राहत नाही.

‘मेलेल्या पेशी नसतील, पण काही अर्धवट झोपलेल्या पेशी जाग्या होतील’ असे या उपचाराचे समर्थक म्हणतात. ही कल्पना आहे आणि कल्पना तपासून पाहायला हरकत नाही. ती तपासली गेली आहे. त्याकडे पुढे येतो.

मेंदूची वीज आणि ईईजी

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. डोक्याच्या त्वचेवर तारा चिकटवून ही वीज टिपता येते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी टिपला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लहरी किती वेगाने येतात यावरून त्यांना नावे आहेत. सेकंदाला चारपेक्षा कमी म्हणजे डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा आणि त्याहून जलद त्या बीटा. जागा पण निवांत, डोळे मिटलेला प्रौढ माणूस असेल तर डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लहरी दिसतात. डोळे उघडले की त्या विरतात. हे बर्गर यांनीच पाहिले होते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी तो विश्रांतीत शरीराच्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के वापरतो. रक्तपुरवठा थांबला तर दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते आणि ईईजीतील लहरी आधी मंद होतात, मग सपाट होतात. म्हणून ऑक्सिजन आणि मेंदूची वीज यांचा संबंध घट्ट आहे यात शंका नाही. कमी ऑक्सिजनने आलेख बिघडतो. पण यावरून ‘जास्त ऑक्सिजनने आलेख सुधारतो’ असा उलटा निष्कर्ष निघत नाही. पुरेसे जेवण मिळाले नाही तर माणूस खंगतो, म्हणून दुप्पट जेवल्याने पैलवान होत नाही.

सर्वात पक्का परिणाम कोणता?

उच्चदाब ऑक्सिजनचा मेंदूच्या विजेवर होणारा, कोणीही नाकारत नाही असा, प्राण्यांत आणि माणसांत पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला परिणाम आहे फिट. आकडी, झटका, फेफरे, जे म्हणाल ते.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की जास्त दाबाखालच्या ऑक्सिजनने प्राण्यांना झटके येतात. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी पाणबुड्यांवर शेकडो चाचण्या केल्या आणि १९४७ मध्ये निष्कर्ष मांडले. एक गोष्ट त्यात ठळक होती. तोच माणूस, तोच दाब, तरी एके दिवशी तो बराच वेळ टिकतो आणि दुसऱ्या दिवशी काही मिनिटांत त्याला झटका येतो. त्याच काळात जे. बी. एस. हॉल्डेन यांनी स्वतःवर असे प्रयोग केले. एका प्रयोगात आलेल्या झटक्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

असे का होते? ऑक्सिजन वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात. मेंदू स्वतःला जास्तीच्या ऑक्सिजनपासून वाचवू पाहतो. पण दाब फार असला किंवा वेळ फार झाला की हे संरक्षण कमी पडते. ऑक्सिजनपासून तयार होणारे क्रियाशील रेणू पेशींना त्रास देऊ लागतात. मेंदूला शांत ठेवणारे गाबा नावाचे रसायन कमी होते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. ब्रेक सैल झालेल्या गाडीसारखी मेंदूची वीज सुसाट सुटते, तोच झटका.

वाचकांनी घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो, नीट चालवलेल्या केंद्रात हा प्रकार दुर्मीळ आहे. काही हजार सत्रांत एखाद्या वेळी तो होतो. त्यासाठी दाब साधारणपणे तीन वातावरणांच्या आत ठेवतात, वीस-तीस मिनिटे ऑक्सिजन दिला की पाच मिनिटे साधी हवा देतात, ताप किंवा कमी साखर असेल तर सत्र पुढे ढकलतात. झटका आलाच तर ऑक्सिजन काढल्यावर तो सहसा लवकर थांबतो आणि त्यामुळे माणसाला अपस्माराचा आजार जडत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. माणसात ईईजी पाहून ‘आता झटका येणार’ हे आधी खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे उच्चदाब ऑक्सिजनमुळे मेंदूच्या विजेत होणारा जो सर्वात मोठा बदल, त्याची पूर्वसूचनाही ईईजी भरवशाने देत नाही. असे असताना त्याच ईईजीतील बारीकसारीक फरकांवरून ‘मेंदू सुधारला’ असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे आहे.

शिवाय सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत अपस्माराचे प्रमाण मुळातच बरेच जास्त असते, साधारण तीनातल्या एकाला तरी फिट येतात. ज्यांना हा उपचार सर्वात जास्त विकला जातो, त्यांच्याच मेंदूची वीज आधीपासून नाजूक आहे.

मग आलेख ‘सुधारतो’ तो कसा?

कागदावर फरक दिसतो हे खोटे नसते. फरक खरोखर असतो. प्रश्न आहे तो कशामुळे पडला हा. त्याची साधी कारणे अशी :

पहिले, जाग आणि पेंग. पेंगुळलेल्या मुलात अल्फा लहरी विरतात आणि मंद लहरी वाढतात. पहिल्या वेळी मूल रडून थकून पेंगले आणि चाळीस सत्रांनंतर ओळखीच्या जागेत ते शांतपणे जागे बसले, तर दुसरा आलेख आपोआप ‘चांगला’ दिसेल. डोळे उघडे की मिटलेले, रात्री झोप झाली होती की नाही, याने तर क्षणात फरक पडतो.

दुसरे, औषधे. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी जलद लहरी वाढतात. मधल्या काळात औषध किंवा मात्रा बदलली असेल तर आलेखही बदलतो.

तिसरे, वाढते वय. हे सर्वात महत्त्वाचे. लहान मुलाच्या मेंदूची मूळ लय वयाबरोबर जलद होत जाते. तीन-चार महिन्यांच्या बाळात ती सेकंदाला तीन-चार असते, वर्षाच्या सुमारास सहा, तीन वर्षांच्या आसपास आठ आणि दहाव्या वर्षापर्यंत दहाच्या घरात. म्हणजे काहीही उपचार न करता मुलाचा आलेख महिन्या-वर्षांनी पुढे जाणारच. याचे श्रेय चेंबरला देणे म्हणजे सहा महिन्यांत मुलाची उंची वाढली म्हणून त्याच्या नव्या चपलांचे आभार मानण्यासारखे आहे.

चौथे, रंगांचा खेळ. साधा ईईजी डॉक्टर डोळ्यांनी वाचतात. रंगीत नकाशात मात्र संगणक प्रत्येक जागेचा आकडा काढतो, तो ‘सामान्य’ माणसांच्या आकड्यांशी ताडून पाहतो आणि फरकाला रंग देतो. समजा डोक्यावर १९ जागा आणि लहरींचे ५ गट असे ९५ आकडे काढले. शंभरातले पाच आकडे बाहेर पडतील अशी मर्यादा ठेवली, तर पूर्ण निरोगी माणसाच्या नकाशातही सरासरी चार-पाच आकडे लाल दिसतील. पुढच्या वेळी ते लाल ठिपके दुसरीकडे असतील. त्यातला हवा तो दाखवून ‘इथला लाल गेला’ असे म्हणता येते. रंगपट्टीची मर्यादा थोडी सरकवली की लालाचा हिरवा होतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९९७ मध्येच अशा नकाशांच्या वापराबाबत सावध केले होते आणि डोक्याच्या सौम्य दुखापतीसाठी किंवा शिकण्यातील अडचणींसाठी त्यांचा नेहमीचा वापर करू नये असे म्हटले होते.

पाचवे, खुद्द ईईजीची मर्यादा. ज्यांना कधीच फिट आलेली नाही अशा निरोगी मुलांतही शंभरात काही जणांच्या आलेखात अपस्मारासारखे टोकदार ठिपके सापडतात. उलट अपस्मार असलेल्या अनेकांचा पहिला ईईजी पूर्ण नॉर्मल येतो. म्हणून आम्ही आलेखावर नव्हे, रुग्णावर उपचार करतो. ही वैद्यकातली जुनी शिकवण आहे.

आलेख बाजूला ठेवा, मुलाकडे पाहा

मग मूल बसायला, चालायला, बोलायला लागते का? याचे उत्तर शोधणारे चांगले अभ्यास झाले आहेत. चांगला अभ्यास म्हणजे ज्यात मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, दोन्ही गट चेंबरमध्ये बसतात आणि कोणाला खरा उपचार मिळाला हे पालकांना आणि तपासणाऱ्यांना माहीत नसते.

कॅनडातील क्यूबेक प्रांतात सेरेब्रल पाल्सीच्या १११ मुलांवर असा अभ्यास झाला आणि २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पावणेदोन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला १.३ वातावरणांखाली साधी हवा. दोघांची चाळीस सत्रे झाली. हालचालींच्या क्षमतेची मोजणी केली तेव्हा दोन्ही गट सुधारले होते, दोन्ही सुमारे ३ टक्क्यांनी. फरक नाही.

स्वमग्नतेत २००९ मध्ये ६२ मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात फायदा दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि जगभर जाहिराती सुरू झाल्या. त्यानंतर थायलंडमध्ये ६० मुलांवर दीड वातावरणांचा दाब आणि शुद्ध ऑक्सिजन वापरून अभ्यास झाला. तिथेही दोन्ही गट सुधारले, त्यांच्यात फरक नव्हता. कोक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये सगळा पुरावा चाळून पाहिला आणि स्वमग्नतेत हा उपचार उपयोगी असल्याचा आधार मिळत नाही असा निष्कर्ष काढला. कानाच्या पडद्यावर दाब येऊन होणारी इजा मात्र नोंदवली गेली.

मेंदूच्या दुखापतीत अमेरिकी सैनिकांवर अनेक अभ्यास झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ जणांच्या अभ्यासात चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट, ऑक्सिजनवाले आणि नुसत्या हवेवाले, नेहमीच्या उपचारापेक्षा बरे वाटल्याचे सांगत होते, पण आपसात फरक नव्हता. २०१८ च्या ७१ जणांच्या दुसऱ्या अभ्यासात ऑक्सिजन गटाला काही आठवड्यांनी झोप, तोल आणि लक्षणांत थोडा फायदा दिसला. सहा महिने आणि वर्षानंतर तो टिकला नाही.

इस्रायलमधून २०१३ मध्ये पक्षाघात आणि डोक्याच्या मारावर उत्साहवर्धक अहवाल आले. त्यांत चेंबरमध्ये बसवून खोटा उपचार दिलेला तुलनेचा गट नव्हता. वर पाहिलेच की नुसते चेंबरमध्ये बसूनही माणसांना बरे वाटते, म्हणून अशा अहवालांवर विसंबून पैसे मोजायला लावणे योग्य नाही.

एक रास्त आक्षेप

समर्थक म्हणतात, ‘दोन्ही गट सुधारले याचा अर्थ १.३ वातावरणांची हवासुद्धा औषध आहे!’ आक्षेप हुशारीचा आहे. त्या दाबाखालच्या हवेत ऑक्सिजन थोडा वाढतो हे खरे. पण तो किती? सुमारे २७ टक्के ऑक्सिजन साध्या मास्कने घेण्याइतका. तेवढ्याने काम होत असेल तर चेंबरची गरजच उरत नाही.

आणि हा आक्षेपही तपासला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या दोन्ही गटांना दीड वातावरणांचा सारखाच दाब दिला. एका गटाला शुद्ध ऑक्सिजन आणि दुसऱ्याला फक्त १४ टक्के ऑक्सिजनची हवा. दीड गुणिले १४ म्हणजे २१. म्हणजे दुसऱ्या गटाला आपण घरी घेतो तेवढाच ऑक्सिजन मिळत होता, एक थेंब जास्त नाही. तरीही दोन्ही गटांत फरक दिसेना आणि पुढे दिसण्याची आशाही उरली नाही, म्हणून अभ्यास मध्येच थांबवला गेला.

मग दोन्ही गट सुधारतात कशाने? मूल वाढत असते. आई किंवा बाबा रोज तासभर त्याच्याजवळ बसतात, त्याच्याशी बोलतात. घरात आशा असते. थेरपी नियमित होते. नवे काही सुरू केले की आपण बारीक प्रगतीकडेही जास्त लक्ष देतो. यातले काहीच खोटे किंवा क्षुल्लक नाही. उलट हीच गोष्ट पालकांनी ओळखावी असे मला वाटते, कारण त्यासाठी चेंबरचे पैसे लागत नाहीत.

जिथे चेंबर खरोखर लागते

या मतावरून कोणी ‘हा उपचारच थोतांड आहे’ असे समजू नये. पाणबुड्यांच्या रक्तात बुडबुडे होणे, रक्तवाहिनीत हवा शिरणे, गॅस गँगरीन, मधुमेहाच्या निवडक न भरणाऱ्या जखमा, कर्करोगाच्या रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाला झालेली इजा, अचानक आलेला बहिरेपणा यांत त्याला मान्यता आहे.

मेंदूपुरते बोलायचे तर कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा. आपल्याकडे हे विष कुठे भेटते? बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरपाशी. हवा खेळती नसली की गॅस अर्धवट जळतो आणि वास-रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठतो. आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध सापडतो. कधी त्याला झटका आलेला असतो आणि घरचे अपस्मार समजतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो, तो ऑक्सिजन नॉर्मल दाखवतो. हे विष रक्तातून निम्मे व्हायला साध्या हवेत चार-पाच तास, शुद्ध ऑक्सिजनवर दीड तासाच्या आसपास आणि तीन वातावरणांच्या चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटे लागतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५२ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या २४ तासांत तीन सत्रे दिलेल्यांपैकी २५ टक्के जणांत सहा आठवड्यांनी स्मरण-आकलनाच्या तक्रारी राहिल्या. साध्या दाबाखाली ऑक्सिजन दिलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. सगळ्याच अभ्यासांत इतका फायदा दिसलेला नाही, तरी गंभीर विषबाधेत या उपचाराचा विचार करायला भक्कम कारण आहे.

फरक ध्यानात आला का? इथे विष आत्ता मेंदूत आहे, तास मोजून उपचार करायचा आहे आणि यश माणसाच्या स्मरणशक्तीवर मोजले, रंगीत नकाशावर नाही.

केंद्रांनी आणि पालकांनी काय करावे

केंद्रांना माझी सूचना साधी आहे. सिद्ध न झालेल्या आजारात हा उपचार द्यायचाच असेल तर तो नैतिक समितीच्या परवानगीने, संशोधन म्हणून आणि रुग्णाकडून पैसे न घेता द्यावा. पॅकेज विकून ‘आधी-नंतर’चे नकाशे भिंतीवर लावू नयेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१३ मध्येच स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा आजारांत या उपचाराच्या जाहिरातींना भुलू नका असे लोकांना सांगितले होते. सुरक्षितता तर दूरची गोष्ट नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही पुरते. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगन राज्यात अशाच एका चेंबरला आग लागून लहान मुलाचा जीव गेला.

पालकांनी पैसे भरण्यापूर्वी हे प्रश्न जरूर विचारावेत :

१. माझ्या मुलाचा आजार या उपचाराच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का?

२. दाब किती आणि ऑक्सिजन किती टक्के? फुगवता येणाऱ्या मऊ पिशवीसारख्या चेंबरमध्ये दाब जेमतेम १.३ असतो, हे लक्षात ठेवा.

३. सुधारणा कशाने मोजणार? ‘ईईजीने’ असे उत्तर आले तर विचारा, चालणे, बसणे, बोलणे, स्वतःच्या हाताने जेवणे यातले काय आणि कोण मोजणार? मोजणारा माणूस केंद्राबाहेरचा असेल का?

४. मुलाला फिट येत असतील किंवा पूर्वी आली असेल तर काय काळजी घेणार? सत्रात फिट आली तर कोण डॉक्टर हजर असेल? फिटच्या गोळ्या चेंबरसाठी बंद करायला कोणी सांगितले तर तिथून उठून निघा. त्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

५. चाळीस दिवस फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी चालू राहणार की बंद पडणार?

पाचवा प्रश्न मला सर्वात जवळचा आहे. मी पाहतो ते असे की घरातले पैसे आणि आईचा वेळ दोन्ही मर्यादित असतात. दागिना मोडून चेंबरची सत्रे होतात आणि त्या महिन्यांत फिजिओथेरपी सुटते, बूट-स्प्लिंट नवीन करायचे राहतात, कानांची आणि डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली जाते, फिटची गोळी संपते. मुलाच्या दोन ते सहा वर्षांच्या काळातले हे महिने परत येत नाहीत. ज्या गोष्टींनी मूल खरोखर पुढे सरकते त्या साध्या, रोजच्या आणि कंटाळवाण्या आहेत. त्यांना आधी-नंतरचा रंगीत नकाशा नसतो, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

तुमच्या मुलाचा ईईजी झाला असेल तर तो जपून ठेवा, फिटच्या उपचारात तो उपयोगी पडेल. पण मुलाची प्रगती मोजायला एक वही करा. या महिन्यात किती वेळ आधाराशिवाय बसले, किती शब्द नवे आले, चमचा स्वतः धरला का, रात्री झोप कशी लागली, फिट किती आल्या, हे तारीख घालून लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा. तिच्यावरून उपचार ठरवणे आम्हाला कोणत्याही रंगीत कागदापेक्षा सोपे जाते.